चादर उचलून बघणे

दस्तगीर शिकलगारच्या उजव्या हातावरच्या बाहीतल्या तपासण्या मी बंद केल्या, तेव्हा तो माझ्यासमोर बसून चहात खारी बुडवत होता. कामाला दीड मिनिट लागलं. त्याने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "आता थांबणार नाही."

हे वाक्य खोटं नव्हतं. नंतर मी ते मनातल्या मनात पुष्कळदा उलटंपालटं करून पाहिलं. त्यात एकही शब्द खोटा सापडत नाही, आणि त्यामुळेच ते मला जास्त लागतं.

दस्तगीर आणि मी मिरजेतल्या एकाच शाळेत, एकाच बाकावर. तो तंबोरे बनवणाऱ्या घरातला, चौथ्या पिढीचा. मी पोस्टातल्या कारकुनाचा मुलगा. मी संगणकाच्या मागे लागून पुण्याला गेलो, तिथे छत्तीस वर्षं काढली आणि निवृत्त होऊन पुस्तकांच्या पेट्यांसह परत आलो. तो कुठेच गेला नाही. सदुसष्टाव्या वर्षी त्याला कंपवात झाला. तंबोऱ्याच्या कारागिराचा हात थरथरू लागणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

बाही तेव्हा नुकतीच बाजारात आली होती. दिसायला साधी, मनगटापासून कोपरापर्यंत येणारी, करड्या रंगाची. तिच्या विणीत केसाएवढे बारीक कृत्रिम स्नायू असतात. कंपवाताचा हात सेकंदाला चार ते सहा वेळा थरथरतो. बाही तो थरथराट सेकंदाला हजार वेळा मोजते आणि हात जिकडे जाणार असेल त्याच्या उलट दिशेला तेवढीच ओढ देते. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, हात स्थिर राहतो.

अडचण एवढीच की थरथर कोणती आणि माणसाने मुद्दाम केलेली हालचाल कोणती, हे बाहीला आधी शिकावं लागतं. म्हणून पहिला महिनाभर ती नुसती हातावर बसून पाहते आणि त्या माणसाच्या हाताचं वळण स्वतःच्या स्मृतीत तक्त्यांच्या रूपात लिहून ठेवते.

दस्तगीरच्या हाताचं वळण साधं नव्हतं. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, हाडाची घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. घोडीचा माथा कानशीने असा घासायचा, की तार छेडली असता त्या उतारावर ती हलके घासत राहील. तसं झालं तरच तंबोरा गुंजतो. याला जवारी काढणं म्हणतात. फरक केसाहूनही कमी असतो. शिकलगारांच्या घरात कानशीच्या प्रत्येक घासाच्या शेवटी मनगटाला एक बारीक झटका देतात. तो दस्तगीरच्या पणज्याचा. दुसरी रीत अशी, की चार घास झाले की कानस खाली ठेवायची, तार चढवायची आणि ऐकायचं. कानस हातात धरून ऐकायचं नाही. "कानस हातात असली की कानाला ऐकू येत न्हाई, हातालाच ऐकू येतं," असं दस्तगीर म्हणायचा.

बाही तो झटका शिकली. तीन वर्षं सगळं ठीक चाललं.

*

आता बाहीच्या आतलं थोडं सांगितलं पाहिजे, कारण माझा संबंध तिथेच येतो.

प्रत्येक संगणकाच्या बुडाशी कर्नेल नावाचा कारभारी असतो. बाकीच्या प्रोग्रॅमना स्मृतीतली जागा वाटून देणं आणि काम झालं की परत घेणं हे त्याच्याकडे. दस्तगीरला मी मिरजेच्याच भाषेत समजावलं होतं. आपल्या गावात घरांपेक्षा दवाखाने जास्त. समज, एका मोठ्या दवाखान्यात खाटांची वही आहे. पेशंट घरी गेला की वहीत ‘खाट रिकामी’ असं लिहायचं, नवीन आला की वही बघून खाट द्यायची. पण जुनी सिस्टर काय करते? वहीत काहीही लिहिलेलं असो, नवा पेशंट आणण्याआधी ती चादर उचलून बघते. खाली कुणी नाही ना? असलं तर ती घंटा वाजवते, सगळा दवाखाना जागच्या जागी थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

कर्नेलमधलं हे चादर उचलणं मी लिहिलं होतं. एकट्याने नव्हे. ते काम जगभरचे लोक मिळून, बहुतेक फुकट करतात. पण त्या भागाची देखरेख बावीस वर्षं माझ्याकडे होती. मी तपासण्या लिहिल्या, कारण माझा माझ्यावर विश्वास नव्हता. वहीत चूक झाली असणार, आणि ती माझीच असणार, असं मला कायम वाटायचं. तरुण मंडळी गमतीने म्हणायची की आळतेकरांचा कर्नेल दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघतो.

एकदा चादर उचलायला काहीच वेळ लागत नाही. पण सेकंदाला लाखो खाटांची देवघेव चालली, तर त्याची बेरीज होते. बॅटरी खाल्ली जाते. हेलसिंकीहून ओल्गा नावाच्या एका हुशार मुलीने सूचना मांडली, की या तपासण्या ऐच्छिक कराव्यात. ज्याला हव्यात त्याने चालू ठेवाव्यात, बाकीच्यांनी बंद कराव्यात. तिने आकडे दिले होते, आणि आकडे बरोबर होते. वर्षानुवर्षं ज्यात चूक सापडलेली नाही तिथे रोज शोधत बसण्यात काय अर्थ आहे, असं तिने विनयाने विचारलं होतं. मी पाच दिवस उत्तर लिहीत होतो. शेवटी सगळं खोडलं आणि एवढंच पाठवलं: हरकत नाही.

मला खरोखर हरकत नव्हती का, ते आजही सांगता येत नाही. आपण म्हातारे झालो आहोत, एवढं मात्र त्या दिवशी पटलं होतं.

*

चौथ्या वर्षी कंपनीने बाहीसाठी नवी आवृत्ती पाठवली आणि दस्तगीरची बाही थांबू लागली. दिवसातून पाच-सहा वेळा, सहा सेकंद. कुठेतरी वहीत आणि खाटेत तफावत येत होती, तपासणीला ती सापडत होती आणि घंटा वाजत होती. कंपनीला कळवलं. ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ असं उत्तर आलं.

एके दिवशी ती ऐन घासात थांबली. धारवाडच्या सुमेधा हिरेमठ या गायिकेसाठी तो तंबोरा होता. कानस सटकली आणि घोडीवर आडवा ओरखडा गेला. बारा दिवसांचं काम वाया.

दस्तगीर ती घोडी घेऊनच माझ्याकडे आला. बरोबर यास्मिन होती, त्याची मुलगी. शिकलगारांच्या घरात कानस धरणारी पहिलीच बाई. तीस-बत्तीसची असेल.

"काय रं हेम्या," तो म्हणाला, "चादर उचलणारी सिस्टर तूच ठेवलीस ना?"

"हो."

"मग तिला सांग, पेशंटचा हात कापायला लागला तरी चालंल, पर तुझी चादर सोडू नको."

"अब्बा, काकांचा काय दोष?" यास्मिन म्हणाली.

"दोष न्हाई, सवय आहे त्याची. शाळेत पेपर लिहून झाला तरी घंटा होईस्तोवर तपासत बसायचा, आणि बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहायचा. आठवतंय का? भूगोलात?"

आठवत होतं. मी हसलो. पण ते कुठेतरी बसलं. दीड मिनिटांचं काम होतं. तपासणी ऐच्छिक होती, मीच हरकत नाही म्हटलं होतं. यास्मिनने केलेला चहा दस्तगीर पिऊ लागला तेव्हा मी बाही संगणकाला जोडली आणि तो पर्याय बंद केला.

तो समजला की मी बिघाड दुरुस्त केला. मी त्याचा समज तसाच राहू दिला. मित्र खूश होता, त्याला खाटा आणि चादरींचं व्याख्यान द्यायला मला संकोच वाटला. संकोच हा शब्द मी आयुष्यभर पुष्कळ गोष्टींवर पांघरला आहे.

*

बाही पुन्हा थांबली नाही. हात दगडासारखा स्थिर. बॅटरी दीड दिवस टिकू लागली. दस्तगीर भेटेल त्याला सांगायचा, आमच्या हेम्यानं केलं.

नवी घोडी झाली, तंबोरा धारवाडला गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला. हिरेमठबाईंनी फार अदबीने लिहिलं होतं: सूर लागतो, पण तंबोरा बोलत नाही. दस्तगीरने जवारी पुन्हा काढली. तंबोरा पुन्हा गेला, पुन्हा परत आला. या वेळी पत्रात फक्त क्षमा मागितली होती. दरम्यान सोलापूरचे दोन तंबोरे तसेच निघाले.

हे मला तुकड्यातुकड्यांनी कळत होतं. मी त्यावर विचार केला नाही, असं म्हणवत नाही. मी विचार करायचं टाळलं.

फेब्रुवारीत एका दुपारी यास्मिन एकटीच आली. माझ्या खोलीत बसायला पुस्तकं हलवावी लागतात. तिने हलवली नाहीत, उभीच राहिली.

"अब्बांनी कालपासून मला शिकवायचं बंद केलं."

"का? भांडण झालं?"

"भांडले असते तर बरं झालं असतं. मला म्हणाले, माझा कान गेला. हात एकदम बरोबर चालतोय, एवढासुद्धा हलत नाही, तरी जवारी मेलेली निघते. म्हणजे कानच गेला. आता माझ्याकडून शिकशील तर चुकीचं शिकशील, आणि ते तुझ्या हातातून कधी निघणार नाही." ती पुढे म्हणाली, "पणज्याची कानस कापडात गुंडाळून ठेवलीय. सांगलीच्या संग्रहालयवाल्यांना द्यायची म्हणतात. सोमवारी ते लोक येणार आहेत."

"तुला काय वाटतं? कान गेलाय?"

"काका, काल स्वयंपाकघरात बसून त्यांनी मला सांगितलं, बाहेरच्या तंबोऱ्याची जोडीची तार उतरलीय म्हणून. कान कुठला जातोय? मी त्यांचा हात बघितला. ते घासतात, चार घास मोजतात, सगळं करतात. पण झटका येत नाही. त्यांना वाटतं ते देतायत."



"बाही घेऊन येशील?" मी म्हटलं. "धुवायला म्हणून."

*

तपासण्या चालू केल्यावर अकराव्या सेकंदाला घंटा वाजली. चादरीखाली माणूस होता.

झालं होतं ते असं. हाताच्या वळणाचे तक्ते एकूण बेचाळीस पानांवर होते. त्यातलं एक पान वहीत चुकून ‘रिकामं’ असं नोंदलं जात होतं. पूर्वी ते दुसऱ्याला द्यायच्या आधी तपासणी आडवी यायची आणि बाही थांबायची. मी तपासणी काढली. त्यानंतर ते पान बिनबोभाट बॅटरीच्या तापमानाच्या नोंदींना दिलं गेलं. खाटेवरच्या माणसाच्या अंगावर दुसरा माणूस निजवावा, तसं. त्या पानावर झटका होता. आता तिथे तापमानाचे आकडे होते, आणि बाही त्या आकड्यांना दस्तगीरचं वळण समजून चालत होती. त्याचं मनगट झटका देऊ लागलं की ती थरथर समजून तो खाऊन टाकत होती. अगदी सफाईने.

कंपनीकडे दर शुक्रवारी तक्त्यांची प्रत जाते. मी ती मागवून घेतली. नवी प्रत जुनीवर चढवली जात असल्यामुळे तिथेही तापमानच होतं. आणि पुन्हा शिकवावं म्हटलं, तर दस्तगीरचा आजार चार वर्षांनी पुढे गेला होता. बाहीवाचून त्याच्या हातात आता थरथर एवढी होती, की तिच्यातून झटका वेगळा काढणं कुठल्याही यंत्राला जमलं नसतं.

त्या घरात पणज्यापासून चालत आलेली एक हालचाल होती. ती मी दीड मिनिटात पुसली होती.

*

सोमवारी सकाळी, संग्रहालयवाले यायच्या आधी, मी दस्तगीरच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे तीन खणांची खोली, भोपळे आढ्याला टांगलेले. तो पाटावर बसला होता. उघडा उजवा हात मांडीवर थरथरत होता आणि त्याने तो डाव्या हाताने धरला होता.

"बाही आणलीस?"

"आणली. दस्तगीर, तुझा कान गेलेला नाही."

"तू कधीपासून कानाचा डॉक्टर झालास?"

मी सगळं सांगितलं. वाक्यं घरून जुळवून आणली होती, ती एकही आठवली नाही. खाट, चादर, झटका, प्रत. आणि हेही, की मी दुरुस्ती केली नव्हती, फक्त घंटा काढली होती.

 मग त्याने एकच विचारलं. "सात महिने?"

"सात महिने."

"सात महिने मी रोज सकाळी उठून स्वतःला म्हातारा म्हणतोय. पोरीला म्हटलं, माझ्याकडनं शिकू नको. आणि तुला माहीत होतं?"

"नक्की माहीत नव्हतं."

"हेम्या," तो शांतपणे म्हणाला, "तू चादर उचलून बघितली न्हाईस. लेका, आयुष्यभर तेवढं एकच काम करत आलास, आणि माझ्याच खाटेला बघितली न्हाईस."

मी उठलो. दारात यास्मिन उभी होती. मी बाही तिच्या हातात दिली आणि चपला घालू लागलो.

"काका," ती म्हणाली, "ही कुठल्याही हाताकडून शिकते ना?"

"म्हणजे?"

"महिनाभर मी घातली तर? झटका माझ्या हातात आहे. अब्बांनीच घातलाय."

मी म्हटलं, तसं करता येईल. बेचाळीसपैकी ते एकच पान तिच्या हाताचं घालता येईल. फक्त ते तिचं वळण होईल, त्याचं नाही.

आतून दस्तगीरचा आवाज आला. "तिचा झटका लांब येतो. दहा वर्षं सांगतोय, आवर, आवर. आवरत न्हाई."

"मग लांब येऊ दे," यास्मिन दारातूनच म्हणाली. "नसण्यापेक्षा लांब बरा."

 मी घरी गेलो.

आठ दिवस फोन आला नाही. संग्रहालयवाल्यांना परत पाठवलं, एवढं बाहेरून कळलं. नवव्या दिवशी दस्तगीरने स्वतः फोन केला. नमस्कार नाही, हालहवाल नाही. "पोरीच्या हाताला बाही ढिली होते. येऊन बघ. आणि ती तुझी भित्री सिस्टर कामावर घेऊन ये."

*

हे मागच्या वर्षीचं. थांबण्याच्या प्रत्येक वेळी तपासणी एक टिपण सोडते: कुठली खाट, चादरीखाली कोण. ती टिपणं जमवत मी चार महिने काढले. दोन चुका सापडल्या. एक कंपनीच्या आवृत्तीत होती. दुसरी कर्नेलमध्ये, एकवीस वर्षांपूर्वीची, माझ्याच हातची. दोन्ही मिळूनच तो घोळ करत होत्या. माझी चूक सापडली तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं, पण हलकं वाटलं.

ओल्गाला मी लिहिलं. तपासण्या सक्तीच्या करा असं मागितलं नाही. तिचे आकडे अजूनही बरोबरच आहेत. एवढंच सुचवलं, की तपासणी बंद असेल तेव्हा अंगावरच्या यंत्रावर एक छोटा पिवळा दिवा लागावा, म्हणजे ज्याचा हात आहे त्याला कळेल. चर्चा अजून चालू आहे. पिवळा की निळा यावर तीन आठवडे गेले.

हिरेमठबाईंचा तंबोरा तिसऱ्यांदा गेला, तो परत आला नाही. पत्र आलं. जवारी वेगळी आहे, शिकलगारांची नेहमीची नाही, पण सोडवत नाही, असं लिहिलं होतं. दस्तगीरने ते दोनदा वाचून घेतलं आणि यास्मिनला म्हणाला, "बघ, लांब येतो असं तिलापण कळलं." पत्र मात्र त्याने घडी करून कानशीच्या डब्यात ठेवलं.

काल मी कारखान्यात बसलो होतो. तो नवी घोडी घासत होता. बाही आता आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी थांबते. बहुतेक तिसरी चूक कुठेतरी आहे, मी शोधतोय. तिसऱ्या घासाला ती थांबली. या वेळी कानस सटकली नाही. बाही ढिली पडू लागल्याचं आता त्याला मनगटातच कळतं. त्याने कानस वर उचलली, खाली पाटावर ठेवली आणि थरथरता हात मांडीवर घेऊन बसला.

सहा सेकंद तसे फार असतात. यास्मिनने मान वर केली. मी उठू लागलो, तर त्याने डाव्या हाताने मला बस म्हटलं.

"कोणतरी हाय वाटतं खाटेवर," तो म्हणाला. "बघू दे तिला. मला घाई न्हाई."

आणि बाही परत ताठ होईपर्यंत त्याने डाव्या हाताने तार चढवली, छेडली, आणि आम्ही तिघांनी ऐकलं.